गवताच्या दोन ओळी

बातमी कापायची वेळ आली तर शेपटीकडून कापायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. महत्त्वाचे वर आणि कमी महत्त्वाचे खाली, अशाच क्रमाने मजकूर लिहिलेला असतो. जागा कमी पडली की खालच्या ओळी काढायच्या. काढताना त्या वाचल्याच पाहिजेत असेही नाही. गिरगावातल्या एका मराठी दैनिकात मी तेव्हा उपसंपादक होतो. नोकरीचे दुसरे वर्ष होते आणि हा धडा अंगवळणी पडला होता.

छप्पन साल नुकतेच सुरू झाले होते. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही हे कळल्यावर शहर पेटले. हरताळ, मोर्चे, अश्रुधूर, गोळीबार यांच्याच बातम्या रोज येत. त्या धामधुमीत एका संध्याकाळी परळ-लालबाग भागातल्या हरताळ समितीचे हाताने लिहिलेले पत्रक कचेरीत आले. हरताळाच्या दिवसांत नाक्यांवर काय अडवायचे नाही याची ती यादी होती. दूध. दवाखाने आणि औषधांची दुकाने. आगीचे बंब. पाण्याच्या नळांची दुरुस्ती करणारे कामगार. पत्रकाखाली समितीच्या पुढाऱ्याची सही होती.

मी यादी तशीच्या तशी जुळणीला दिली. थोड्या वेळाने शिशाची अक्षरे जुळवणारा जुळारी खालून आला. साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"दोन ओळी जास्त होतायत," तो म्हणाला.

"खालच्या काढा."

"खालच्या कुठल्या ते बघा तरी."

"शेवटच्या दोन."

तो परत खाली गेला. समोर जखमींची नावे पडली होती. ती दोन-दोनदा तपासावी लागत, कारण एखादे नाव चुकले तर कुणाच्या तरी घरी रडारड होणार. मी त्या कामाला लागलो.

मी परळला राहत असे. चाळीच्या जिन्याला लागूनच एक छोटा तबेला होता. तिथे एका व्हिक्टोरियावाल्याची दोन जनावरे असत, एक पांढरी घोडी आणि एक तांबडा घोडा. सगळी चाळ त्याला चाचा म्हणे. पन्नाशी उलटलेला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याची गाडी दादर स्टेशनच्या बाहेर उभी असे. सकाळी घोडीला जुंपायची, दुपारनंतर घोड्याला. एका जनावराकडून दोन्ही पाळ्या तो कधी करून घेत नसे. इतर गाडीवाले त्याला हसत. "चाचा, जनावर पोसतोस का जनावर तुला पोसतं?" असे विचारत. तो म्हणे, "ते तिलाच विचार."

जनावरांना क्रूरतेने वागवू नये असा कायदा त्या काळी होता. जोताखाली जखम दिसली तर गाडीवाल्याला दंड होई. चाचाला कधी झाल्याचे मला ठाऊक नाही. घोडीच्या खांद्यावर पट्टा घासे, म्हणून त्याने जुन्या धोतराच्या घड्या शिवून पट्ट्याला आतून अस्तर लावले होते. ते दर शुक्रवारी उकळत्या पाण्यात धुऊन तो चाळीच्या कठड्यावर वाळत घाली. माझी आई त्यावरून कुरकुर करी आणि पाऊस आला तर तीच ते उचलून आत ठेवी.

तबेल्यात गवत साठवायला जागा नव्हती. शिवाय आगीची भीती. त्यामुळे रोजचे गवत रोज येई. मालधक्क्यावरून बैलगाड्या निघत आणि नाक्यानाक्याला तबेल्यांचे भारे उतरवत पुढे जात. चाचाचे गवत सकाळी आठच्या सुमारास येई.

हरताळाच्या पहिल्या दिवशी ते आले नाही. दुसऱ्या दिवशीही आले नाही. त्या सकाळी मी खाली उतरलो तेव्हा चाचा जिन्याशी उभा होता. हातात आमचा पेपर होता. त्याला मराठी बोलता येई, वाचता येत नसे.

"पेपरवाले, इधर जरा बघा. यात गवताचं काय लिहिलंय?"

मी पेपर घेतला. पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात यादी होती. गवत नव्हते.

"काही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"तेच नाक्यावरची मावशी बोलते. यादीत नाय, तर सोडणार नाय. गाडी तीन वेळा आली, तीन वेळा परत गेली. बैल पण उपाशी, गाडीवाला पण." त्याने पेपर परत घेतला. "साब, जनावर हरताळ करत नाय. त्याला कोण सांगणार?"

यादीत आणखी दोन ओळी होत्या, हे मला त्याच क्षणी आठवले असे म्हणणे खरे ठरणार नाही. मला फक्त एवढे आठवले की मी दोन ओळी काढायला सांगितल्या होत्या. त्या कोणत्या, हे माहीत नव्हते. मी चाचाला काही बोललो नाही. का बोललो नाही याची कारणे नंतर पुष्कळ सापडली. तेव्हा एकही नव्हते.

ट्राम आणि बसेस बंद होत्या. परळहून गिरगावपर्यंत चालत जायला सवा तास लागे. कचेरीत माझ्या टेबलावर एक लोखंडी सुई उभी होती. छापून झालेल्या मजकुराचे कागद आम्ही तिच्यात टोचून ठेवत असू. मी तो गठ्ठा उपसला. समितीचे पत्रक सापडले. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: 'जनावरांसाठी गवत नेणाऱ्या गाड्या. या तपासून सोडाव्यात.'

मी पत्रक घेऊन वृत्तसंपादकांकडे गेलो आणि दुरुस्ती छापावी म्हणून सांगितले. वृत्तसंपादक वाईट माणूस नव्हते. तीन दिवस ते घरी गेले नव्हते. त्यांच्या पुढ्यात गोळीबारात सापडलेल्यांची यादी होती, आणि तिच्यात भर पडत होती.

"गवत?" त्यांनी विचारले.

"ओळी माझ्याकडून गेल्या."

"बरोबर आहे, जाणारच. शेवटी होत्या." त्यांनी पत्रक वाचून परत दिले. "हे बघ, आज मी पहिल्या पानावर घोड्यांच्या चाऱ्याची दुरुस्ती टाकली, तर उद्या सकाळी ज्याच्या घरात प्रेत आहे तो माणूस मला काय म्हणेल?"

"आतल्या पानात टाकू."

"आतल्या पानाला जागा आहे का? बघून ये."

मी बघून आलो. नव्हती.

"उद्या बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात दुरुस्ती आली नाही. त्या दिवशीच्या बातम्या पाहता ती येणे शक्यही नव्हते. आजही मी वृत्तसंपादकांच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. फक्त एवढे म्हणू शकतो की प्रश्न प्रेताचा आणि घोडीचा नव्हता. दोन ओळींचा होता, आणि त्या मी काढल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तबेल्यात गेलो. घोडा दाव्याशी झटापट करत होता. घोडी उभी होती, मान खाली. तिने खालचा जुना, मुतात भिजलेला पेंढा खाल्ला होता. गव्हाणीवर टाकलेल्या गोणपाटाचा अर्धा भागही खाल्ला होता. उरलेला अर्धा चाचाच्या हातात होता.

"पहिल्यांदा चणे होते, ते संपले," तो म्हणाला. "काल भुसा मिळाला, पायलीभर. दुकानं बंद. तुझ्या आईने भाकऱ्या दिल्या, चाळीतल्या बायांनी भात आणून ठेवला. भात मी नाय दिला. भुकेलेल्या घोड्याला भात म्हणजे जहर. बायांना वाईट वाटलं."

"भाकऱ्या?"

"एक-एक दिली. त्याने काय होतं? घोड्याच्या पोटात सारखा चारा चालत राहायला पाहिजे. थांबला की गाठ पडते."

मी पत्रक खिशात घालून नाक्यावर गेलो. डिलाईल रोडच्या बाजूने येणाऱ्या वाटेवर बाकडी आणि पिंपे आडवी टाकली होती. तिथल्या स्वयंसेवकांची म्होरकी म्हणजे चाचा म्हणाला ती मावशी. मूळची मालवणकडची, गिरणीत धाग्याच्या खात्यात कामाला, वय चाळीसच्या आतबाहेर. पदर कमरेला खोचलेला आणि हातात काठी. आमच्या चाळीच्या पलीकडच्या चाळीत राहणारी, त्यामुळे मला ओळखत होती. गवताने भरलेली एक बैलगाडी तिथेच बाजूला उभी होती. बैल सोडलेले नव्हते.

मी पत्रक तिला दिले. तिने ते उलटसुलट पाहिले आणि शेजारच्या एका गिरणी कामगाराकडून मोठ्याने वाचून घेतले.

"ह्यात गवत आहे," मी म्हणालो.

"आसा. पण ह्या हातान लिवलेला."

"समितीच्या पुढाऱ्याची सही आहे खाली."

"मेल्या, सकाळपासून चार चिठ्ठ्ये इले," ती म्हणाली. "चारांवर त्याचीच सही. एक तर हातभट्टीवाल्याची होती. तो म्हणता, औषध आसा."

वाचून दाखवणारा कामगार हसला. मावशी हसली नाही.

"परवा एका गाडीत गवताखाली तांदळाची पोती होती," ती म्हणाली. "व्यापाऱ्याची. आमच्या पोरांनी उपास काढायचे आणि ह्यांनी चढ्या भावान विकायचे. तेव्हापासून मी ठरवलंय. पेपरात आसा तर सोडीन. नाय तर नाय. तू पेपरवालो, तुका सांगूक व्हया?"

"पेपरात राहून गेलं."

"राहून कसा गेला?"

मी म्हणालो, "जागा नव्हती."

तिने माझ्याकडे पाहिले. मग पत्रक घडी करून परत दिले. "छापलेला घेऊन ये," ती म्हणाली.

गाडी आपण तपासू, खाली काही सापडले तर जाळा, असेही मी म्हणालो. तिने काठीनेच नकार दिला. तिच्या बाजूने विचार केला तर तिचे चुकत होते असे म्हणता येत नाही. छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवा हे आम्हीच त्या लोकांना रोज सांगत होतो.

मी पुन्हा गिरगावला चालत गेलो. दुपारी कचेरी ओसाड असते. खाली जुळणीच्या खोलीत तोच जुळारी एकटा अक्षरांचे खिळे सोडवून खणांत टाकत बसला होता. मी त्याच्यासमोर पत्रक ठेवले.

"हे पूर्ण जुळवा. एक प्रूफ काढून द्या."

"कुठल्या पानाला?"

"कुठल्याच नाही."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग पत्रक उचलले. जुळणीला वीस मिनिटे लागली. वरचे शीर्षक, अक्षराचा आकार, कॉलमची रुंदी, सगळे अंकातल्यासारखेच. फक्त तळाशी दोन ओळी जास्त. शाईचा रूळ फिरवून त्याने कागद दाबला आणि ओला उचलून माझ्या हातात दिला.

"त्या दिवशी म्हटलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "बघा तरी म्हणून."

ते प्रूफ कुठल्याही अंकात छापलेले नव्हते. वाचकाला ते छापील बातमीच वाटणार होते, म्हणूनच मी ते काढून घेतले होते. मजकूर शब्दन्‌शब्द खरा होता. तरीही ते करताना मी वर कुणाला विचारले नाही आणि नंतरही कुणाला सांगितले नाही.

नाक्यावर पोहोचेपर्यंत तीन वाजून गेले. मावशीने प्रूफ हातात घेतले. अंगठ्याला शाई लागली, ती तिने पाहिली. मग कमरेला खोचलेला जुना अंक काढला आणि दोन्ही कागद त्या कामगारासमोर धरले. तो ओळीओळीवर बोट ठेवत वाचत गेला. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "सोडा गाडी. पण आधी भारे उतरवा."

भारे उतरवून, भोसकून पाहून पुन्हा चढवायला अर्धा तास गेला. गाडी तबेल्याशी आली तेव्हा चार वाजत आले होते. चाचाने घोड्याला एक मूठ टाकली, मग थांबून दुसरी. घोड्याने मान मारून भाराच हिसकावला, तेव्हा चाचाने त्याच्या नाकाडावर एक चापट दिली आणि त्याच्याच गळ्यात हात टाकून उभा राहिला.

घोडीने गवताला तोंड लावले नाही. तिने मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहिले. मग पुढच्या पायाने जमीन उकरली आणि पुन्हा कुशीकडे पाहिले.

"पोट धरलं," चाचा म्हणाला.

पोट धरलेल्या घोड्याला बसू द्यायचे नसते. बसला की लोळतो, लोळला की आतडे पिळते. म्हणून त्याला चालवत ठेवायचे. जनावरांच्या दवाखान्यात न्यायचे तर दोन नाके पार करावे लागत, आणि वाटेत दगडफेक चालू असल्याची बातमी होती. तरी आम्ही निघालो. पहिल्या वळणावर अश्रुधुराचा वास आला. घोडीने डोळे मिटून मान झटकली आणि जागीच उभी राहिली. चाचाने तिला परत वळवले. मग चाळीच्या पटांगणात तो तिला फिरवू लागला. तो थकला की मी लगाम धरी. माझी आई कठड्यावरून पाहत होती. अंधार पडला तेव्हा संचारबंदीचा भोंगा झाला. आम्ही फिरतच होतो, पटांगणातल्या पटांगणात.

पहाटे मी वर जाऊन अंग टाकले. सकाळी खाली आलो तेव्हा घोडी आडवी होती. चाचा तिच्या मानेशी मांडी घालून बसला होता. पट्ट्याचे ते धुतलेले अस्तर त्याने तिच्या डोळ्यांवर टाकले होते, माश्या बसू नयेत म्हणून. साडेनऊच्या सुमारास ती गेली.

मेलेले जनावर नेणाऱ्या गाडीला निरोप पाठवला होता. ती दुपारी आली. घोडीला वर चढवायला चाळीतले सहा पुरुष लागले. त्यांतल्या एकाचा भाचा आदल्या आठवड्यात गोळी लागल्यापासून दवाखान्यात होता. हा मामा दोर ओढताना म्हणाला, "माणसांची शुश्रूषा होईना, आणि इथे घोड्याची मयत." बाकीचे ओढत राहिले. त्यानेही दोर सोडला नाही.

चाचा आणि मी गाडीमागून नाक्यापर्यंत गेलो. मावशी तिथे होती. तिने गाडीवरच्या ताडपत्रीकडे पाहिले आणि काठी बगलेत धरून स्वतःच एक पिंप सरकवले. कागद मागितला नाही. गाडी निघून गेल्यावर ती चाचाजवळ आली.

"चाचा, माका ठाऊक नव्हता रे," ती म्हणाली.

"तुझं काय नाय," चाचा म्हणाला. "तू यादी बघितलीस."

परतताना मी त्याला सांगायचे ठरवले. चाळीच्या दारापर्यंत जमले नाही. तबेल्यात शिरल्यावर तो घोड्याची बादली उचलायला वाकला, तेव्हा म्हणालो, "चाचा, त्या यादीत गवत होतं. दोन ओळी होत्या. मी काढल्या."

तो बादली घेऊन नळाकडे गेला, भरून आणली, घोड्यासमोर ठेवली.

"काल मावशीने सांगितलं," तो म्हणाला. "जागा नव्हती म्हणालास तू तिला. तू आणलेला कागद लांब, पेपरातला तुकडा आखूड. तिला वाचता येत नाय, पण मोजता येतं."

"कालच सांगितलं?"

"गाडीवाल्याजवळ निरोप दिला. गवताबरोबर."

म्हणजे रात्रभर आम्ही आळीपाळीने लगाम धरून पटांगणात फिरत होतो, तेव्हा त्याला ते ठाऊक होते.  दर फेरीला लगाम माझ्या हातात देताना फक्त म्हणत होता, "ढिला धर, तोंड दुखतं तिचं."

"मग मला विचारलं का नाही?" मी म्हणालो.

"चूक कुणाची पण होते," चाचा म्हणाला. "कंदील पडतो, नाळ निखळते. ते मी समजतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यापाशी मी तुला विचारलं होतं, गवताचं काय लिहिलंय. तेव्हा बोलला असतास तर आपण दोघं त्याच दिवशी गेलो असतो गिरगावला. तेव्हा ती खात होती."

  त्याने गवताच्या भाऱ्यातून एक पेंढी सोडली, तिचे दोन भाग केले, एक घोड्यासमोर टाकला आणि दुसरा घोडीच्या जागेपर्यंत नेला. मग तोही घोड्यालाच टाकला.

पुढे त्याने दुसरे जनावर घेतले नाही. एका घोड्यावर गाडी अर्धाच दिवस चाले, दुपारी तो घरी येई. दोन्ही पाळ्या त्याने तेव्हाही करून घेतल्या नाहीत.